इटारसीचं पान

इंदोरा वस्तीतल्या कवडूजींना बोधगयेची वाट तोंडपाठ आहे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. विहारातलं कुणी तिकडे निघालं की आधी त्यांच्या ओसरीवर येऊन बसायचं. स्टेशनातून कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, जेवण कुठं धड मिळतं, हे ते इतकं रंगवून सांगत की ऐकणाऱ्याचा निम्मा प्रवास तिथंच होऊन जायचा. पस्तीस वर्षं त्यांनी हा मान मजेत मिरवला.

आता त्यांची नात गुंजन निघाली होती आणि आपल्या आबाजींना सोबत नेणार होती. टूरवाल्यांची बस तिला नको होती. बनारस, सारनाथ, गया, राजगीर, पाटणा. सहा दिवस, आपल्या मर्जीनं. ऑफिसातून आली की ती वही उघडून बसायची आणि एकेका शहराबद्दल आबाजींना विचारायची. गयेहून पुढं टांगा करावा लागतो, असं ते ठामपणे म्हणाले. टांगे कधीच गेले, असं म्हणून ती हसली. कवडूजींना मात्र हसू आलं नाही.

मग तिचं लक्ष भिंतीवरच्या फ्रेमकडे गेलं. काचेमागं पिंपळाचं एक पान होतं, वाळून जाळी झालेलं. आबाजींनी बोधगयेहून आणलेलं. वंदनेला आलेल्या शेजारणी त्यालाही हात जोडत. गुंजनची आजी पार्वतीबाई शेवटच्या आजारात होती, तेव्हा तिनं ते उशाशी मागून घेतलं होतं.

"हे आपण सोबत नेऊ," गुंजन वहीत टिपत म्हणाली. "आजीले जाता नाही आलं. तिचं पान तरी त्या झाडाखाली ठेवू."

आजवर कवडूजींच्या थापा वस्तीत फिरत होत्या, तिथंच जिरत होत्या. पण हे पान त्या झाडाखाली ठेवायचं, आणि तेही पार्वतीच्या नावानं?

"ते तिथलं नाही, बेटा," ते म्हणाले. "इटारसीचं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मान वर न करता. पस्तीस वर्षांपूर्वी विहारातले लोक बस करून बोधगयेला निघाले होते. मेंढरांसारखं काय जायचं, अशी त्यांची टर उडवून हे गिरणीतून रजा घेऊन एकटेच रेल्वेनं निघाले. इटारसीला पुरीभाजी घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. पिशवी, तिकीट, सगळं गेलं. परत यायचं तर लोक काय म्हणतील! आठ दिवस स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कप धुतले. टपरीमागं पिंपळ होता. निघताना त्याचं एक पान तोडलं, आणि ते चुकून नाही, जाणूनबुजून तोडलं. घरी पार्वतीनं विचारलं, हे तिथलंच काय? यांनी मान हलवली. तेवढंच.

"आजीले कधीच नाही सांगतलं?"

"नाही."

"ती मागून राहिली होती तेव्हाबी?"

"तेव्हाबी मीच काढून देल्लं तिच्या हाती."

गुंजननं वही मिटली आणि आत निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. या वयात नातीसमोर तोंड दाखवायची लाज वाटावी, यापरीस वाईट काय असतं? रात्री ते जेवले नाहीत आणि तिनंही आग्रह केला नाही.

सकाळी टेबलावर वही उघडी पडली होती. पिंपळाच्या पानाबद्दलची ओळ खोडली होती. बनारसच्या वर तिनं एक नवी ओळ लिहिली होती: 'इटारसी. गाडी थांबली की पाणी गुंजन आणेल. आबाजींनी खाली उतरायचं नाही.'

कवडूजींनी ती दोनदा वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. इतका जीव लावणाऱ्या माणसांना आपण इतकी वर्षं फसवलं, याची लाज त्यांना त्या ओळीनं जेवढी वाटली, तेवढी कबूल करतानाही वाटली नव्हती.

त्यांनी धुतलेला सदरा घातला, स्टुलावर चढून फ्रेम उतरवली आणि काखेत धरली. गुंजननं दारातूनच विचारलं, कुठं निघाले.

"विहारात," ते म्हणाले. "आज रविवार आहे. सगळे येतीन."