ठोकळा कोणाच्या खिशात

हिवाळा तोंडावर आला की आप्पांच्या अंगात वारं शिरायचं. एरवी खुर्चीतून उठताना दोनदा ‘आई गं’ म्हणणारा हा माणूस त्या दिवशी चहा व्हायच्या आधीच हत्यारांची पिशवी घेऊन मागच्या दारात उभा राहायचा आणि हुकूम सोडायचा, “आज हीट पंप उघडायचा. कोणी लुडबुड करायची नाही.” थंडीच्या आधी एकदा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा, हिवाळ्यात घर गरम आणि उन्हाळ्यात गार करणाऱ्या, मागच्या भिंतीलगतच्या त्या पांढऱ्या डब्यावर आप्पांचं राज्य असे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला एक पंखा आणि चार स्क्रू म्हणजे हातचा मळ.

या वर्षी मात्र गुडघ्यांनी संप पुकारला. वाकणं जमेना. मग असा करार झाला की हात सुनेचे आणि तोंड आप्पांचं.

“मी आपला उंटावरून शेळ्या हाकणार,” आप्पा स्वतःच म्हणाले. “चल असिस्टंट, मला खुर्ची आण आणि तू उभी राहा.”

सून हसली, पण सकाळपासून ती आप्पांवर नजर ठेवून होती. गेल्या महिन्यात आप्पा न्हाणीघरातला नळ सोडून फिरायला गेले होते. त्याच्या आधी गॅसवर दूध ठेवून विसरले, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आतल्या खोलीतून करपल्याचा वास येतोय म्हणून ओरडत राहिल्या. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आप्पांच्या एकुलत्या एका मुलाने, एक घाव दोन तुकडे केले. आता आणखी एक चूक झाली, तर दोघांवर लक्ष ठेवायला दिवसभराची बाई ठेवायची. हे ऐकून आप्पांनी घर डोक्यावर घेतलं. “माझ्यावर राखण? माझ्याच घरात? त्यापेक्षा मला बाहेर काढा!” दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी सूनच मध्ये पडली. मी घरीच शिवणकाम करते, माझं लक्ष असतं, आप्पांची जबाबदारी माझी, असं तिने छातीठोकपणे सांगून टाकलं. नवरा म्हणाला, “बरं. पण एकच चूक.” तेव्हापासून बिचारी कापड कापताना एक कान स्वयंपाकघराकडे ठेवून असायची. आप्पांनी कुठे काही सांडलं तरी तिचाच जीव खालीवर व्हायचा.

आणि आज तर ते यंत्र उघडायचं होतं.

तिने आत जाऊन रिमोटने हीट पंप बंद केला आणि रिमोट सासूबाईंच्या उशाशी नेहमीच्या जागी ठेवला. सासूबाईंना दम्याचा त्रास. खोली गार पडली की त्यांची छाती भरून यायची. “लवकर आटपा गं,” त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढत बजावलं.

बाहेर आप्पा खुर्ची सोडून भिंतीच्या कोपऱ्याआड गेले होते. हीट पंपाची वीज तोडायची करडी डबी त्या आडोशाला होती. डबीत मुठीएवढा काळा ठोकळा बसवलेला. तो उपसला की यंत्र मेलं, परत खुपसला की जिवंत. यंत्रापाशी उभं राहिलं की डबी दिसत नाही आणि डबीपाशी उभं राहिलं की यंत्र दिसत नाही. बसवणाऱ्याच्या या अकलेचा उद्धार आप्पा दर वर्षी करायचे, तसा आजही केला. पण त्यावर त्यांचा एक जालीम उपाय होता, लिफ्टच्या कामातून आणलेला. ज्याचे हात यंत्रात, ठोकळा त्याच्याच खिशात. आणि परत बसवणाऱ्याने आधी ओरडून विचारायचं, “हात बाहेर?” ‘बाहेर’ असं उत्तर खणखणीत ऐकू आल्याशिवाय ठोकळा बसवायचा नाही. हा नियम घरात इतका मुरला होता की नवरा लहानपणी मिक्सर धुतानासुद्धा वायरची पिन खिशात घालायचा म्हणे.

आप्पा कोपऱ्याआडून ठोकळा घेऊन आले आणि सवयीने तो स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला.

सुनेने ते पाहिलं. आज हात तिचे होते, तेव्हा खिसाही तिचाच हवा होता. तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिने गिळलं. ज्याने नियम केला त्यालाच तो शिकवायचा? आणि आत्ता टोकलं तर, ‘घे, आता तूही माझ्या चुका मोज,’ म्हणून तोंड फिरवून बसले असते. राहू दे, आप्पा इथेच तर बसलेत, असं तिने स्वतःला समजावलं.

काम सुरू झालं. तिने पुढची जाळी काढून गवतावर ठेवली. मागच्या बाजूच्या पातळ पत्र्यांच्या पट्ट्यांत अडकलेला कापूस आणि धूळ ओढायला व्हॅक्यूम लावला. त्याची किंचाळी सोसेना, तेव्हा आप्पांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि आता हातवाऱ्यांनी हुकूम चालू झाले. वरून खाली. दाबू नकोस, पट्ट्या वाकतील. खाली, खाली. व्हॅक्यूम बंद झाल्यावर ते शिकवत म्हणाले, “हे यंत्र एकदम अंगावर येत नाही हं. वीज आली की आधी आतल्या आत कुरकुरतं. मग दोनतीन मिनिटं गप्प बसतं. मग पंखा फिरतो. सासूसारखंच.”

“आईंना सांगू का?” तिने विचारलं, पण ते त्यांना ऐकू आलं नाही.

पंख्याच्या मागे, तळाला, सडक्या पानांचा थर होता. पाणी जायचं भोक त्यानेच बुजलं होतं. ते तसंच राहिलं तर थंडीत तळाशी बर्फ धरणार. तिने डाव्या हाताने पंखा थोपवला आणि उजवा हात दोन पात्यांमधून खांद्यापर्यंत आत घातला. गाल गार पत्र्याला टेकला. बोटांना ओला लगदा लागला. एक मूठ काढली, दुसरी काढली. तिसऱ्या वेळी पाठीमागे खुर्ची करकरली. आप्पा उठले असतील, पाय मोकळे करत असतील, असं वाटून तिने मान वळवली नाही.

आत सासूबाई खिडकीच्या काचेवर काठी आपटत होत्या. गारठा वाढला होता. आप्पांनी खिडकीकडे पाहिलं, हात कोटाच्या खिशात घातला, आणि त्यांच्या बोटांना ठोकळा लागला. त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून सकाळ पुसली गेली. एवढंच उरलं की हिला थंडी वाजतेय आणि ठोकळा बसवायचा आपण विसरलो. पुन्हा विसरलो. मुलाला कळायच्या आत बसवलेला बरा. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. सुनेला तेव्हा फक्त कोपऱ्याकडे जाणाऱ्या चपलांचा आवाज ऐकू आला.

“आप्पा?”

चपला थांबल्या नाहीत.

“आप्पा! ठोकळा! माझा हात आत आहे!”

ती किंचाळली तेव्हा कानातलं यंत्र कठड्यावर पडलेलं तिला समोर दिसत होतं. तिने हात ओढला. हात येईना. लोकरी स्वेटरची बाही आतल्या कुठल्याशा पत्र्याला अडकली होती, आणि ओढावं तशी लोकर मनगटावर आवळत होती. आणि मग तिच्या गालाखाली, पत्र्याच्या आत, यंत्र कुरकुरलं.

तिचं धाबं दणाणलं. दोनतीन मिनिटं, आप्पा म्हणाले होते. पण आई? आईंनी रिमोट दाबला नसेल तर पंखा फिरणारच नाही. आणि आतून, खिडकीपलीकडून, रिमोटची ती छोटीशी पीप आली. थंडीने काकडलेल्या बाईने दुसरं काय करावं?

उजवा हात. कात्री धरायचा, सुई ओवायचा, नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायचा हात. तिने डाव्या हातातला पंखा न सोडता स्वेटरचा गळा दातांनी वर ओढला, तो हनुवटीत अडकला. पंखा सोडता येईना, पंखा धरून स्वेटर निघेना. शेवटी पंखा सोडला. डोकं बाहेर काढलं, डावी बाही झटकली, आणि उजवा हात आतल्या आत, कातडी सोलावी तसा, बाहीतून मागे खेचायला लागली. कोपर निघालं. मनगटाशी लोकरीचा पीळ बसला होता. तिने अंगठा तळव्यात मुडपला, डोळे मिटले आणि सगळं अंग मागे झोकून दिलं.

ती गवतावर पाठीवर पडली. हात छातीशी होता. समोर पंख्याने सावकाश एक फेरा घेतला, मग दुसरा, आणि तिचा निळा स्वेटर बाहीसकट आत ओढला गेला. यंत्र घुसमटून हुं हुं करायला लागलं.

ती उठून धावली. कोपऱ्यावर आप्पांना जवळजवळ ढकलूनच तिने डबी उघडली, ठोकळा उपसला आणि स्वतःच्या खिशात कोंबला. तिला राग आला होता. सासऱ्यांवर हात उगारावा असा राग. तो तसाच हुंदक्यात फुटला.

आप्पा गोंधळून तिच्याकडे पाहत होते. या थंडीत ही स्वेटरशिवाय का? मनगट सोललेलं का? मग ते कोपरा ओलांडून गेले आणि पंख्यात गुंडाळलेली निळी लोकर पाहून जागच्या जागी थिजले. हळूच त्यांनी कोटाचा खिसा चाचपला. रिकामा होता.

“माझ्या खिशात होता,” ते म्हणाले.

सुनेने डोळे पुसले. एकच चूक, असं नवरा म्हणाला होता. तिने कठड्यावरचं यंत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते कानात घातलं, आणि तेवढ्यात तिने खोटं तयार केलं. “स्वेटर गरम होत होता, काढून वर ठेवला होता. पडला आत. काही झालेलं नाही आप्पा. यांना सांगायची गरज नाही.”

“हात दाखव.”

तिने दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, एकेक बोट धरून पाहिलं.

“मी ठोकळा खिशात घातला तेव्हा तू पाहिलं होतंस?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही आहात म्हणून.”

आप्पा खुर्चीत बसले. मग म्हणाले, “लिफ्टच्या खड्ड्यात कोणाचं बोट गेलं तर ते सगळ्यांना दिसतं. सांगावं लागत नाही. बोट जाता जाता वाचलं, तर मात्र संध्याकाळच्या आत सगळ्यांना सांगायचं. आमचा दंडक होता तो. नाहीतर पुढच्याचं जातं. फोन लाव त्याला.”

“आप्पा, नको. अहो, ते बाई ठेवतील.”

“लाव म्हणतो ना.”

तिने लावला. आप्पांनी मुलाला सगळं सांगितलं, कामावरच्या साहेबाला सांगावं तसं, क्रमाने, स्वतःला न वाचवता. मग मुलाचा आवाज आला, “तिचा हात?”

“आहे. मी बघितला.” मग आप्पाच पुढे म्हणाले, “ते तू म्हणत होतास ना, दिवसभराच्या बाईचं. ठेव. मी भांडणार नाही.” आणि तो काही बोलायच्या आत त्यांनी फोन सुनेला परत दिला.

तिला फार वाईट वाटलं. महिनाभर तिने ज्याला भिंतीसारखं सावरून धरलं होतं, त्या माणसाने स्वतःच्या हाताने सगळं पाडून टाकलं होतं. आणि तो बरोबर होता, हे तर तिला त्याहून बोचत होतं.

“अर्धवट काम सोडून बसणारेस का?” आप्पा खेकसले. “आत हिला थंडी वाजतेय.”

तिने कात्री आणली, पात्यांवरची लोकर कापून काढली, पंखा हाताने फिरवून पाहिला. उरलेली पानं काढली, भोकात पाणी ओतून ते वाहतं का बघितलं, जाळी चढवली. सबंध वेळ ठोकळा तिच्या खिशात मांडीला टोचत होता. मग ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि डबीपाशी उभी राहिली. इथून यंत्र दिसत नव्हतं. नियम नियम होता.

“आप्पा, हात बाहेर?”

उत्तर आलं नाही. तिने वाकून कोपऱ्यापलीकडे पाहिलं. आप्पा यंत्रासमोर खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि ते त्या हातांकडे बघत होते.

“बाहेर,” ते पुटपुटले.

एवढ्याने चालत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. ती मागे सरकली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून तिने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने.

“हात बाहेर?”

“बाहेर!” आप्पा खणखणीत ओरडले, आणि तिने ठोकळा बसवला.