पहिला नग

त्या दिवशी कॉव्हेंट्रीत पाऊस पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. धुक्यातून बारीक ओल उतरत होती आणि गॅरेजच्या पत्र्यावर जमून थेंब थेंब खाली पडत होती. भर दुपारी दिवा लावावा लागेल असला उजेड. अशा हवेत म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात तसे लोखंडाचेही सांधे धरतात. माझे धरले होते.

मी प्रेस बोलतोय. इस्त्रीचा नव्हे की छापखान्यातला नव्हे. वापरलेली रिकामी काडतुसं पुन्हा भरणारा, सुखदेवच्या गॅरेजात लाकडी बाकाला बोल्टांनी जखडलेला निळा प्रेस. मला शाळा नाही. हँडल चालवणाऱ्यांच्या तोंडून जे कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. म्हणून सांगेन ते सावकाश सांगेन, जरा धीर धरा.

जन्म माझा अमेरिकेतला, रखरखीत मुलखातल्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. रंग लागला, तेल लागलं, खोक्यात बसवलं. डोळे उघडले ते इथेच, या दोघांच्या मध्ये. एक सुखदेव, नागपूरकडचा, कमी बोलणारा. दुसरा त्याच्या शेजारच्याच घरात राहणारा शशिधर, पुण्याचा, सगळ्यांच्या वाटचं बोलणारा. नेमबाजीच्या क्लबात दोघं बरोबर जायचे, म्हणून दोघांनी मिळून मला मागवलं होतं.

खोकं फोडलं आणि शशिधर हसत सुटला. "घे सुखदेवा, निळाच निघाला! आता रोज सकाळी जयभीम करशील ह्याला."

"तू पण कर की. अर्धा तुझा आहे."

आणि शशिधरनं खरंच माझं हँडल हातात घेतलं आणि जयभीम केला. असं माझं बारसं झालं.

दोघेही इथल्याच एका मशीनच्या कारखान्यात जन्मभर काम केलेले. सुखदेव सेटर. म्हणजे मशीन नव्या मापाला लावून द्यायचं, ते त्याचं काम. शशिधर इन्स्पेक्टर. लावलेल्या मशीनचा पहिला नग हातात घेऊन पास किंवा नापास करायचं, ते त्याचं. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागेवर सुपरमार्केट झालं. पण दोघांच्या अंगातली ती खोड काही गेली नाही. ती माझ्या वाट्याला आली.

माझं काम सोपं आहे. माझ्या पोटाशी एक गोल चकती आहे, तिच्यात पितळी केसेस, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, उभ्या राहतात. हँडल एकदा खाली ओढून वर नेलं की चकती एक घर पुढे सरकते. एका घरात बुडातली, ठिणगी देणारी जुनी टोपी निघून नवी बसते, पुढच्या घरात पावडर पडते, त्याच्या पुढच्या घरात गोळी बसते. सगळ्या घरांत काम एकदमच चालतं. म्हणून दर हँडलाला एक तयार काडतूस ट्रेमध्ये पडतं, टिण्ण. तो आवाज मला फार आवडतो. आपलं काहीतरी जगात उतरलं असं वाटतं.

आता अडचण अशी, की सुखदेवची रायफल अडतीस कॅलिबरची, म्हणजे त्या मापाची. तिचं काडतूस आखूड, जाडसर, त्याच्यासारखंच. शशिधरची टू-टू-थ्री. तिचं लांब, निमुळतं, मान काढून उभं. त्यामुळे एकाचं भरून झालं की दुसऱ्यासाठी मला बदलायचं. कॅलिबर बदलायचं म्हणजे माझं डोकंच बदलायचं, अगदी खरंखुरं. दोन पिना ओढल्या की वरचं डोकं सगळ्या डायांसकट, म्हणजे साच्यांसकट, निघतं आणि दुसरं बसतं.

हे करताना शशिधर स्टुलावर बसायचा, पाइप विझवून खिशात टाकायचा आणि विचारायचा. सुखदेव हात चालवत उत्तर द्यायचा.

"पावडर?"

"काढली. तिच्या डब्यात गेली."

"डबा?"

"कपाटात. बाकावर एकच डबा आहे."

"चकती?"

"बदलली."

"घट्ट?"

"तुझ्या पगडीपेक्षा घट्ट."

"मी पगडी कधी घातली रे?"

मग पहिला नग निघायचा. हा नेहमी मुका, त्यात ना टोपी ना पावडर, नुसती केस आणि गोळी, मापापुरता. सुखदेव तो मुद्दाम अंमळ लांब ठेवायचा. कारण गोळी आणखी आत दाबता येते, आत गेलेली सुखानं बाहेर येत नाही. नग तो बिस्किटांच्या डब्याच्या उलट्या झाकणावर ठेवायचा. शशिधर चष्मा पुसणार, व्हर्नियर उघडणार, मोजणार आणि मान हलवणार. "लांब आहे. रिजेक्ट." नापास होणार हे सुखदेवला आधीच ठाऊक. तरी प्रत्येक वेळी तो विचारायचा, "परत बघ की जरा."

एकदा शशिधर सर्दीनं घरात होता तेव्हा सुखदेवनं तीन दिवस मला हात लावला नाही. वहिनी, म्हणजे शशिधरची बायको अरुणा, म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच मोजा ना, येतं तर तुम्हाला." तो म्हणाला, "सेटरनं स्वतःचा नग स्वतः पास करायचा नसतो वहिनी. मशीन खोटं बोलत नाही, पण लावणारा स्वतःशी खोटं बोलतो."

माणसं अशी असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काडतुसं भरतायत. खरं तर एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं ओ द्यायची, एवढंच चाललेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात शशिधरनं सांगितलं, "वसंतातल्या मॅचसाठी माझ्या मापावर लावून ठेव." सुखदेवनं लावलं. मुका नग काढून झाकणावर ठेवला. पण शशिधर तो बघायला आलाच नाही. छातीत दुखलं म्हणून हॉस्पिटलात गेला तो तिथूनच गेला.

सुखदेवनं माझ्यावर सिंधुबाईंचा, म्हणजे त्याच्या आधीच गेलेल्या बायकोचा, जुना उशीचा अभ्रा घातला आणि दार ओढून घेतलं. मी टू-टू-थ्रीच्या मापातच राहिलो. झाकणावर तो लांब नग तसाच. अभ्र्याखाली दिवस कळत नाही. कोळ्यानं माझ्या हँडलापासून खिडकीपर्यंत धागा ओढला आणि तो कुणी तोडला नाही, यावरून मला कळायचं की आजही कुणी आलं नाही. घरात तुमच्याही असं काही झाकलेलं असेल तर कधीतरी हात लावून जा. काम नसलं तरी चालेल.

मला बदलून अडतीसवर आणायचं म्हणजे शशिधर आता येणार नाही असं कबूल करायचं. आणि आणलं तरी पास कोण करणार? म्हणून सुखदेवचं क्लबात जाणं सुटलं. रविवारी तो खिडकीत बसून राहायचा. क्लबाच्या सेक्रेटरीनं कळवलं की नेमबाजी बंद असेल तर पोलिस परवान्याच्या वेळी विचारतील, बंदूक ठेवायची कशाला. लीड्सहून लेक मनाली, इथेच वाढलेली, तिच्या मोडक्या मराठीत फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही एकटा नका राहू तिथे. माझा खोली रिकामा आहे. गॅरेजमधला सगळा सामान सेल करून टाका ना."

शेवटी तो हो म्हणाला. क्लबातला एक जण मला घ्यायला तयार झाला. त्याला अडतीसच हवं होतं. "लावून ठेव, उद्या येऊन नेतो," म्हणाला.

म्हणून त्या ओल्या दुपारी दार उघडलं. अभ्रा निघाला, कोळ्याचा धागा तुटला. सुखदेवनं मला तेल दिलं, प्रत्येक सांध्याला, घाई न करता. मग पिना ओढल्या. मला वाटलं, गप्प राहून करेल. पण हात चालू लागले तशी जीभही चालू लागली.

"पावडर?" त्यानं विचारलं. आणि थांबला. स्टुलाकडे पाहिलं.

"काढली," त्यानंच सांगितलं.

"चकती?" परत थांबला. "बदलली."

"घट्ट?"

त्यानं पान्ह्यानं चकती पुन्हा एकदा आवळून बघितली. मला तोंड असतं तर मी हो म्हटलं असतं.

मग त्यानं हँडल ओढलं. मुका नग निघाला, आखूड, जाडसर. त्यानं तो झाकणावर, त्या लांब नगाच्या शेजारी ठेवला. आणि तसाच उभा राहिला, कुणीतरी येऊन बघणार आहे असा.

दार करकरलं. अरुणावहिनी होत्या, कार्डिगनवर शाल, हातात शशिधरची चामडी पेटी. दोन गॅरेजांमध्ये एका विटेचीच भिंत आहे; त्यांचं वॉशिंग मशीन तिकडे चालतं.

"मशीनमधले कपडे काढत होते," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज ऐकला. विचारताय पण तुम्हीच आणि सांगताय पण तुम्हीच."

"सवय, वहिनी."

"हे व्हर्नियर ह्यांचं. त्या माणसाला प्रेसबरोबर द्यावं म्हणून आणलं. कधी येणार तो?"

"उद्या."

"बरं." त्या स्टुलावर बसल्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य गेलेलं त्यांचं, बारीक रेघा वाचायची सवय. त्यांनी लांब नग उचलला. "हा ह्यांचा?"

"हो. बघायचा राहिला."

त्यांनी तो मुठीत धरला, मग कार्डिगनच्या खिशात घातला. चष्मा शालीनं पुसला. अगदी शशिधरसारखा, आधी डावी काच. व्हर्नियर उघडलं. बाकावर चिकटवलेल्या कागदावरचं माप पाहिलं, आखूड नग जबड्यात धरला आणि दिव्याकडे नेला. सुखदेव बाकाशी उभा. मीही उभाच होतो, हँडल वर, अडतीसच्या मापात, अंगावर ताजं तेल, उद्या कुठल्या बाकावर जायचं ते ठाऊक नाही.

त्यांनी एकदा मोजलं. फिरवून परत मोजलं. आणि मान हलवली.

"लांब आहे. रिजेक्ट. त्या माणसाला फोन करून सांगा, उद्या येऊ नको, मशीन अजून पास झालेलं नाही. आणि दुसरा काढा, भावजी. मी बसलेय."