तीन दिवे

नवरा गेल्यानंतर ती कामावर परतली, तेव्हा कंट्रोल रूममधल्या लोकांनी आवाज खाली घेतले. कुणी तिच्यासाठी खुर्ची पुसली, कुणी चहा आणून ठेवला. तिने तो प्यायला. गरम होता की गार, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

कागद कारखान्याच्या वीजघरात ती बरीच वर्षं ऑपरेटर होती. तिचा धाकटा दीर तिथेच केबल जोडायचा. भाऊ गेल्यावर तो तिच्याही आधी कामावर आला होता. मोठं जनित्र दुरुस्तीहून परत आलं होतं आणि त्याच्या केबली त्यानेच पुन्हा जोडल्या होत्या.

"भावजी, फेजचा क्रम तपासलात ना?" तिने सकाळी विचारलं होतं.

त्याने मान हलवली होती. हल्ली तो सगळ्यालाच मान हलवायचा. आईने जेवलास का म्हटलं तरी, आणि वाढू का म्हटलं तरी.

दुपारी जनित्र बाहेरून येणाऱ्या विजेच्या लाइनला जोडायचं ठरलं. मोठे साहेब स्वतः येऊन तिच्या मागे उभे राहिले. दीर दाराशी होता.

घरात वीज येते ती एका फेजची. एकच लाट, वर जाते, खाली येते. कारखान्यात तशा तीन येतात. उंची तिघींची सारखीच, पण त्या एका वेळी माथ्यावर पोचत नाहीत. पूर्ण फेरीचा तिसरा हिस्सा अंतर ठेवून एकीमागून एक येतात, लाल, पिवळी, निळी. लाट त्या क्षणी फेरीत कुठवर आली आहे, तोच तिचा कोन. जनित्राचे तिन्ही कोन लाइनच्या तिन्ही कोनांशी जुळले की मगच ब्रेकर, म्हणजे जोडणीचा मोठा खटका, लावायचा. न जुळता लावला तर लाइन जनित्राला एका झटक्यात आपल्या जागी ओढते, आणि त्या ओढीत लोखंडाचा शाफ्टसुद्धा पिळवटतो.

व्होल्टेज जुळलं. वेग जुळला. जुळणीचा काटा संथपणे फिरत वर आला. तिचा हात ब्रेकरच्या मुठीवर होता. काटा बाराच्या खुणेवर, म्हणजे कोन जुळल्याच्या जागी, आला आणि पुढे निघून गेला. तिने मूठ फिरवली नाही.

काटा पुन्हा फिरून आला. तिने पुन्हा जाऊ दिला.

साहेबांनी घसा खाकरला. "बाई, बरं वाटत नाहीये का? तुम्ही जरा बसा. मी लावतो." त्यांनी हात पुढे केला.

"लावू नका," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती, घाई नव्हती. दूधवाल्याला आज दूध नको म्हणावं, तसं ती म्हणाली.

"काटा तर बरोबर दाखवतोय."

"काटा एकाच फेजकडे बघतो. दिवे बघा."

काट्याच्या वर तीन दिवे होते, प्रत्येक फेजला एक; फेज जुळली की तिचा दिवा विझतो. सगळं ठीक असलं की तिन्ही एकदम उजळतात आणि एकदम विझतात. आत्ता काटा बारावर होता. एक दिवा विझलेला आणि दोन लख्ख पेटलेले. मग दुसरा विझला, मग तिसरा. उजेड गोल गोल फिरत होता.

साहेबांनी हात मागे घेतला.

"दोन फेज उलट्या जोडल्या गेल्यात," ती म्हणाली. "मशीन थांबवू या."

दाराशी दीर भिंतीला टेकला. केबल कुणी जोडली, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नुसतं म्हणाले, "थांबवा."

संध्याकाळपर्यंत दोन केबलींची टोकं बदलून झाली. या वेळी क्रम तिने स्वतः मीटर लावून तपासला. तिन्ही दिवे एकत्र मंदावले, एकत्र विझले, आणि तिने मूठ फिरवली. जनित्र हूं की चूं न करता लाइनला लागलं. कुणीतरी तिची पाठ थोपटली. आपण मोठा अपघात टाळला, हे तिला कळत होतं. एखाद्या परक्या गावची बातमी कळावी, तितकंच.

घरी सासूबाईंनी पानं वाढली. दीर पानावर बसला, पण घास उचलेना.

"वहिनी, साहेब काय म्हणाले?"

"उद्यापासून तुमचं काम दोघांनी तपासायचं. तुमच्याबरोबर मी."

"काढणार नाहीत?"

"नाही."

"मी तपासलंच नव्हतं गं," तो म्हणाला. "तू विचारलंस ते ऐकू आलं होतं. पण काय विचारलंस ते कळलंच नाही." आणि पानावर बसल्या बसल्याच त्याला रडू फुटलं. भाऊ गेला त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. सासूबाई उठून त्याच्याजवळ बसल्या आणि त्याही रडू लागल्या.

तिने दोघांकडे पाहिलं. आपल्यालाही येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. नाही आलं. मग तिने दोघांची पानं झाकून ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.