हिरवळ बघून घेतलेली जागा

नागप्पा वीस वर्षं मेंढरांमागं चालला आणि दमला. मेंढरं विकून सोलापुरात गिरणीत लागला आणि सन अठ्ठावीसच्या वैशाखात घरासाठी जागा बघायला सात रस्त्याच्या पलीकडं गेला. पाच जागा बघितल्या. चार ठिकाणी खडे, धूळ आणि ऊन. पाचव्या ठिकाणी गुडघाभर हिरवंगार गवत.

दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, की बाबा, सगळं गाव भाजून निघालंय आणि इथंच गवत कसं? पण नागप्पा धनगर. धनगराला वैशाखात हिरवं दिसलं की तो विचारत बसत नाही, थांबतो. त्यानं एक काडी उपटली, दातात चावून बघितली आणि हीच जागा म्हणाला. मेंढरं विकून सहा महिने झाले होते, हे त्या वेळी त्याच्या ध्यानातच आलं नाही.

घर झालं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. आषाढात जमिनीला घाम फुटल्यासारखं झालं. आधी कोपऱ्यात, मग चुलीपाशी, मग सगळीकडं. बाहेर पावसाचा पत्ता नव्हता. आडावर बायका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या आणि नागप्पाची बायको केराबाई घरातलं पाणी सुपल्यानं बाहेर फेकत होती.

सगळ्यात आधी पेव गेलं. केराबाईनं माहेरच्या रीतीनं घरातच खड्डा खणून त्यात वर्षाची ज्वारी भरली होती, वरनं लिंपून घेतली होती. महिन्यानं ते लिंपण तडकलं आणि फटीतनं ज्वारीचे कोवळे कोंब वर आले. नागप्पा गिरणीतनं आला, जरा वेळ बघत उभा राहिला, घरातबी हिरवं आलं म्हणाला आणि बाजेवर जाऊन पडला.

केराबाईला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. लेक मायाक्का वैरागला दिलेली, पहिलटकरीण. पौषात बाळंत व्हायची, आणि पहिलं बाळंतपण माहेरचं. दसऱ्याला मायाक्काची सासू गोजाबाई घर बघून जायला आली. चहा घ्यायला खाली बसली, पाच मिनिटांनी उठली आणि हात मागं नेऊन लुगडं चाचपलं. ओलंचिंब.

"इवाई," गोजाबाई नागप्पाला म्हणाली, "माझं नातवंड काय बेडकाच्या पोरांसंगं खेळायचं हाय व्हय? मार्गेसरात सुनंला घिऊन येते. चार हात कोरडी जागा दिसली तर ठेवीन, न्हायतर गाडी तशीच माघारी फिरंल."

गाडी माघारी फिरली असती तर सगळ्या भावकीत बोभाटा झाला असता, की नागप्पानं शहरात घर बांधलं आणि लेकीला टेकायला जागा नाही. त्या दिवसापासनं केराबाई नवऱ्याशी अबोला धरेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं. ती उठता-बसता बोलायची आणि एकच बोलायची, चार हात कोरडी जागा.

घर बांधणारा शेखलाल गवंडी बोलावला. त्यानं आजवर बांधलेल्या एकाही घरात दोष निघालेला नव्हता, कारण तो काढूच द्यायचा नाही. त्यानं जमीन उकरली, बोट ओलं केलं, वास घेतला आणि घर चांगलं आहे, खाली झरा आहे म्हणाला. झऱ्याला कोंडलं की तो दुसरीकडनं निघतो. "पानी को जगा देव, नागप्पा. फिर वो घर में कायकू आता?"

बेत असा, की घरामागच्या परड्याच्या खालच्या अंगाला पुरुषभर खोल तळं खणायचं आणि तळ्यातनं नाल्याकडं चर काढायचा. चराचं तोंड घरातल्या जमिनीपेक्षा दोन हात खाली. पाणी तळ्यात उतरेल, चरातनं जाईल, घर सुकेल. बोलायला एवढंच होतं.

खणायला नागप्पा होता. गिरणीचा भोंगा झाला की घरी यायचं, भाकरी खायची आणि खोरं घ्यायचं. वरती चिखल, खाली मुरूम. दुसऱ्या दिवशी चिखलानं डावी वहाण गिळली. उजवी घालून आठ दिवस तो गिरणीत गेला. पाचव्या दिवशी तो स्वतःच कमरेइतका रुतला. काठावर पान चघळत बसलेल्या शेखलालनं दोर टाकला, गल्लीनं ओढला. नागप्पा वर आला, धोतर खालीच राहिलं. ते तिसऱ्या दिवशी आपसूक तरंगून वर आलं, तेव्हा शेखलालनं पाणी चांगलं लागल्याची ही खूण आहे म्हणून सांगितलं.

निघालेला मुरूम परड्यातच पडत होता. गाडी लावून तो बाहेर टाकायला हवा होता. केराबाई रोज विचारायची, ढीग कधी उचलणार. नागप्पा रोज म्हणायचा, उचलू. ढीग माणसाच्या डोक्याला लागला तरी उचलायला अंगात जीव नव्हता.

दिवाळीला चर नाल्याला जाऊन मिळाला आणि घर खरंच सुकलं. चूल पहिल्या फुंकरीला पेटली. केराबाई भर दुपारी जमिनीवर आडवी झाली, नुसती पाठ टेकायला, आणि दिवेलागणीपर्यंत झोपली.

उठली आणि जे तिच्या आईनं केलं असतं तेच तिनं केलं. जमिनीतनं न मागता पाणी आलं म्हणजे तिथं साती आसरा आल्या, पाण्याच्या सात बहिणी. तिनं सात दगड धुतले, शेंदूर लावला, तळ्याच्या काठाला मांडले, बांगड्या वाहिल्या, ओटी भरली.

दुसऱ्या दिवशी शेजारची चिमाबाई पाया पडायला आली. पाया पडून उठताना तिला चर दिसला. आसरांचं पाणी गल्लीच्या नाल्यात चाललेलं बघून तिला राहवेना. तिनं गोणपाट आणि चिखल घेऊन चराचं तोंड बुजवलं आणि पुण्य करून घरी गेली. संध्याकाळी नागप्पाच्या पायाला ओल लागली.

त्यानं चर उकरला. सकाळी बुजलेला. पुन्हा उकरला, पुन्हा बुजला. शेवटी त्यानं चिमाबाईला धरून विचारलं.

"देवीचं पानी घानीत सोडतोस आन मलाच इचारतोस व्हय?" चिमाबाई म्हणाली. "लेक दोन जिवाची हाय तुजी. काय वंगाळ झालं म्हंजे?"

केराबाई दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. त्या दिवसापासनं चिमाबाईला यायची गरज उरली नाही, केराबाईच चर बुजवायला लागली. लेकीसाठी नागप्पा उघडायचा, लेकीसाठी केराबाई बुजवायची. भांडायचं तर दोघांचं म्हणणं एकच, त्यामुळं भांडणही धड होईना. सात दगड हलवावेत असं नागप्पाच्या मनात एकदा आलं. पण हात लावायची त्याचीही छाती झाली नाही.

असं पंधरा दिवस चाललं, आणि मग नागप्पाचा चुलतभाऊ येडू दोनशे मेंढरं घेऊन दारात आला. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, आणि नागप्पाच्या परड्यात तळं झालंय ही बातमी अक्कलकोटपर्यंत गेली होती.

भावकीला नाही कसं म्हणायचं? दोनशे मेंढरं काठावरनं उतरली, काठ त्यांच्याबरोबर उतरला, आणि चर कुठं होता हे सांगायला फक्त शेखलाल उरला. नागप्पानं अडवायला तोंड उघडलं होतं. पण एक पाठ, अजून न व्यालेली तरणी मेंढी, काठावर बुजून उभी होती. तिला धरून पाण्यात न्यावं म्हणून तो उतरला, आणि मग वर आलाच नाही. अंधार पडेपर्यंत त्यानं चाळीस मेंढरं धुतली. केराबाई ओल्या दारातनं बघत राहिली.

येडूनं पाल मारायला कोरडी जागा शोधली. घर ओलं, परडं ओलं. धनगराच्या सवयीनं तो सरळ मुरमाच्या ढिगावर चढला, ढिगाचा माथा सपाट केला, वर घोंगड्यांचं पाल उभं केलं आणि आत पाय पसरले.

दोन दिवसांनी वैरागची गाडी आली. गोजाबाई उतरली, लुगडं वर धरून घरात गेली, तशीच बाहेर आली आणि गाडीवानाला बैल फिरव म्हणाली. केराबाई कोपऱ्यात उभी. डोळ्याला पदर लावायचंही तिला सुचलं नाही.

मायाक्का गाडीतच होती. सकाळपासनं हादरे खाऊन तिची पाठ भरून आली होती. ती कोणाला न विचारता उतरली, एक हात कमरेवर ठेवून ढीग चढली आणि पालात जाऊन आडवी झाली.

"आये," आतनंच तिचा आवाज आला, "मी काय आता उठत न्हाय."

गोजाबाई धापा टाकत वर गेली. घोंगडं उचलून खाली तळहात दाबला. दुसरीकडं दाबला. मग चांगली ऐसपैस बसली. पाच मिनिटं तशीच बसून राहिली. ती उठली आणि हात मागं नेऊन लुगडं चाचपलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली. मग खाली बघून, "इवाई, ह्यो मुरूम हितं कुनी घातला?"

"मी रोज उचला म्हनत व्हते," केराबाई म्हणाली.

"दमलो व्हतो," नागप्पा म्हणाला.

गाडी एकट्या गोजाबाईला घेऊन गेली. येडू घोंगडी तिथंच ठेवून मेंढरं हाकत निघाला. केराबाईनं चूल वर नेली, मग भांडी नेली, मग बाजेचं एक टोक धरून नवऱ्याला दुसरं धरायला सांगितलं. वीस वर्षं पालात काढून ज्या घरासाठी नागप्पानं मेंढरं विकली होती, त्या घरात पाणी आता सुखानं पसरलं होतं.

अर्ध्या चढावर नागप्पानं बाज खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"वर चला की," केराबाई म्हणाली.

"चलू," तो म्हणाला, आणि बसून राहिला.