मेहमुदाची शेकायची पिशवी

मी एक जुनी, लाल रबराची शेकायची पिशवी आहे. मित्रांनो, कारखान्यातल्या तापल्या साच्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर बारीक रेषा होत्या. त्या आता पुसल्या. पेठ वडगावच्या एका मेडिकलमधून इकबालभाईंनी मला घरी नेलं, त्यांच्या आईच्या गुडघ्यांसाठी. "डाक्टरापरीस हीच बरी!" असं म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते माझे सुखाचे दिवस.

म्हातारी गेली आणि मी सुनेच्या, मेहमुदाच्या वाट्याला आले. ती ब्लाउज शिवायची. पाळीत एखादा दिवस मला पोटाशी धरायची. पाळी म्हणजे दर महिन्याला बाईच्या अंगातून जाणारं रक्त. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मित्रांनो. पण पुढं एकाचे आठ दिवस झाले. पाणी इतकं कढत भरायची की माझंच अंग आक्रसायचं. मला ओढणीनं पोटावर बांधून, ओठ चावत ती मशीन चालवायची. डाग दिसू नये म्हणून काळ्याशिवाय दुसरा रंग घालीना.

एकदा शेजारची अंबूबाई म्हणाली, "पिशवी काढून टाक बघ, मेहमुदा. माझी बत्तिसाव्या वर्षीच काढली. कटकट न्हाय."

मी बुचापर्यंत हादरले. वाटलं, मलाच टाकायला सांगतेय! मेहमुदाचा हात ओटीपोटावर गेला तेव्हा कळलं, बायका गर्भाशयालाही पिशवीच म्हणतात.

मेहमुदाच्या मनात आणखी एक भीती होती. तिची मावशी पोटातल्या गाठीनं गेली होती. हे ती कुणाशी बोलली नाही. नुसती मला घट्ट धरून पडायची.

ऐन लग्नसराईत ती मशीनवरून खाली कोसळली. मुलगी नुजहत कॉलेजातून नुकतीच आली होती. तिनं हाक मारली, "अब्बा, पळा! अम्मी पांढरीफटक पडलीया!"

इकबालभाई धावत आले, भांबावून गेले. "कधीपासनं हाय हे?"

"असतंय की बायकांचं," मेहमुदा पुटपुटली.

"असतंय म्हणून मरायचं व्हय?" नुजहत रडत ओरडली.

त्याच दिवशी तिला कोल्हापूरला नेलं. नुजहतनं मलाही सोबत घेतलं. डॉक्टर प्रियदर्शनींनी पोट तपासताना हात थांबवला. कातडीवर तपकिरी जाळं उमटलं होतं.

"हे कशानं?"

"शेकून."

डॉक्टरांनी त्या जाळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. "म्हणजे किती दुखत असेल! आधी का नाही आलात?"

"तुम्ही पिशवी काढाल म्हणून. आणि... कॅन्सर हाय म्हणाल म्हणून."

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टर समजावू लागल्या. "ब्लाउजला आतून अस्तर असतं ना? तसं गर्भाशयालाही असतं. तुमचं अस्तर बाहेरच्या स्नायूत शिरून वाढलंय. म्हणून गर्भाशय सुजलंय, रक्त जास्त जातंय. याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. तरी अस्तराचा तुकडा तपासून घेऊ, म्हणजे मनात शंका नको."

रिपोर्ट येईपर्यंत घर नुसतं टांगणीला लागलं. मेहमुदा एकच बाही शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. फोन वाजला की तिघंही दचकायचे. अखेर रिपोर्ट चांगला आला. इकबालभाई उंबऱ्यावरच बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले.

मग उपचार सुरू झाले. अंगात रक्त कमी होतं, त्यासाठी सलाईनमधून लोह दिलं. गर्भाशयात हळूहळू औषध सोडणारं एक छोटं साधन बसवलं. "गर्भाशय काढणं हाही उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण यानं गुण आला नाही तर बघू. आणि ते तुम्ही ठरवायचं." सुरुवातीला थोडं थोडं रक्त जातच राहिलं. मेहमुदानं काळे कपडे काही सोडले नाहीत. पण महिने सरले तसं दुखणं ओसरलं, आणि ईदला तिनं पिवळा ड्रेस शिवला, स्वतःसाठी.

सगळं ऐकून अंबूबाईचा हात स्वतःच्या ओटीपोटावर गेला. "मला कुणी इचारलंच न्हाय बघ," एवढंच म्हणाली.

मी खिळ्याला लटकून राहिले. माझ्यावर धूळ बसली, रबर चिरलं. एका सकाळी नुजहतनं मला गुपचूप काढलं. मेहमुदानं ते पाहिलं आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली.

"कधीपासनं दुखतंय?"

"काय न्हाय, अम्मी."

"काय न्हाय म्हणू नगंस. बस इथं. सगळं सांग मला. मग डॉक्टरांकडं जाऊ."

भाकरी करपली. कुणी उठलं नाही.

मित्रांनो, माझं रबर चिरलंय, आता नवी पिशवी आणा. तिच्यात उकळतं पाणी भरू नका, पिशवी आणि अंगाच्या मध्ये कापड ठेवा. पण एक ध्यानात असू द्या. आम्ही दुखणं थोपवतो, बरं करत नाही. घरात आई, ताई पोट धरून बसली तर पिशवी जरूर भरून द्या. देऊन खेळायला मात्र पळू नका. शेजारी बसा आणि विचारा.