काकांच्या खुर्चीवरची फळी

मी फळी बोलतेय. नुसतं फळी म्हटलं की लोक कपाटाकडे बघतात, म्हणून आधीच सांगून टाकते: मी सलूनमधली फळी. खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी टाकायची आणि लहान पोराला वर बसवायचं, म्हणजे त्याचं डोकं कापणाऱ्याच्या हाताशी येतं. या गावात जो कोणी लहानाचा मोठा झाला, तो आधी माझ्यावर बसलाय. बढाई मारत नाही, गावात सलूनच एक आहे.

शाळेचं दार करताना उरलेल्या लाकडातून सुताराने मला घडवली. सलूनच्या मालकांना सगळं गाव काका म्हणतं. त्यांच्या हातात मला देताना सुतार म्हणाला, "कडा गोल केल्यात, पोरांना टोचायच्या नाहीत." माझ्या त्या गोल कडा पोरांनी नखांनी कोरून काढल्या. रडायचं नाही असं घरून बजावलेलं असायचं, मग बिचारी राग काढणार कोणावर? मी होतेच आयती.

पण मला करमायचं त्यांच्यात. कोणाच्या चड्डीच्या खिशात गोट्या आहेत, कोणाच्या खिशात अर्धं बिस्कीट, कोण शाळा बुडवून ओढ्यावर जाऊन ओल्या कपड्यांनी तसाच आलाय, हे आईच्या आधी मला कळायचं. समोरच्या आरशात अख्खा रस्ता दिसे. शिंप्याचं दुकान, बसथांबा, शाळेचं फाटक. संपलं गाव.

आमच्याकडे एक रीत होती. फळीवरच्या पोराला कोणी काही विचारत नसे. आई बाकावर बसून सांगायची, "चांगले बारीक करा, दोन महिने बघायला नको." विषय संपला. मग एके दिवशी पोर पुरेसं उंच झालेलं दिसे. काका मला उचलून भिंतीला टेकवत, त्याला थेट खुर्चीत बसवत, पांढरं कापड झटकत आणि विचारत, "बोला साहेब, कसे कापू?" मुलगी असली तर "बोला बाईसाहेब." त्या एका प्रश्नासाठी पोरं झुरायची. दुसऱ्या दिवशी वर्गभर सांगत सुटायची, "मला काकांनी विचारलं."

आता पाऊणची गोष्ट. वर्गात सगळ्यांत बुटका, म्हणून पोरांनी त्याचं नाव पाऊण पाडलेलं. त्याच्याच बाकावर बसणारा, उंचीमुळे बांबू म्हणवला जाणारा पोरगा तिसरीतच माझ्यावरून उतरला. पाचवीपर्यंत अख्खा वर्ग उतरला. पाऊण सातवीत गेला तरी माझ्यावरच. रविवारी तो आला की पोरं खिडकीशी गोळा होत आणि हा डोळे गच्च मिटून घेई. इतका अंग चोरून बसायचा की मला त्याचं वजनही लागत नसे. वाईट वाटायचं मला. मी काय करणार, लांबीरुंदी माझी ठरलेली.

एका रविवारी तो हळूच म्हणाला, "काका, आज फळी नको."

काकांनी खिडकीकडे पाहिलं आणि मुकाट्याने मला भिंतीला लावलं. कापड झटकलं. "बोला" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं खोटं विचारणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि पोरालाही ते कळलं. मग काका वाकले. तीस वर्षं उभं राहून त्यांची पाठ आधीच गेलेली, कमरेला पट्टा. एवढ्या खाली वाकून कापता कापता पाठीत उसण भरली, हात सरकला आणि मशीन कानावरून थेट टाळूपर्यंत गेलं. केसांत चांगला रस्ता पडला. काका कमर धरून बाकावर बसले ते उठेचनात. शिंपी धावत आला आणि त्यांना धरून घरी घेऊन गेला.

तीन आठवडे सलून बंद. गावाचे केस वाढले आणि पाऊण टोपी घालून हिंडू लागला. काकांची पाठ कशामुळे गेली, हे सगळ्यांना माहीत होतं.

सलून उघडलं त्या रविवारी आत पाय ठेवायला जागा नव्हती. बांबू आणि कंपनीही बाकावर. पाऊणचा नंबर आला. तो उठला, पण खुर्चीकडे गेला नाही. भिंतीशी येऊन त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, खुर्चीवर टाकलं आणि वर चढून बसला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं पुरतं वजन मला लागलं.

"अरे राहू दे, जमेल मला," काका म्हणाले.

"तुमची पाठ दुखते, काका." सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मी झालो उंच की उतरेन."

बांबू फिसकन हसला. कोणी साथ दिली नाही, तसा गप्प झाला.

काकांनी कापड हातात घेतलं. मग त्यांनी ते झटकलं, पाऊणच्या गळ्याभोवती बांधलं आणि विचारलं, "बोला साहेब, कसे कापू?"

फळीवर बसलेल्याला असं कधीच कोणी विचारलं नव्हतं.  पाऊणने चार वर्षं या प्रश्नाची वाट बघितलेली, पण उत्तराचा विचारच केला नव्हता. त्याची आई सवयीने बोलायला लागली, "बारीकच करा—"

"वहिनी, तुम्हाला नाही विचारलं," काका म्हणाले.

सगळे थांबले. शेवटी पाऊण म्हणाला, "कान झाकतील एवढे ठेवा. गार पडतात माझे कान."

"मला कधी बोलला नाहीस रे," आई म्हणाली.

"तू कुठं विचारलंस?"

तेव्हापासून काका फळीवरच्या प्रत्येक पोराला विचारू लागले. तीन वर्षांचं असलं तरी. पाऊण नववीत माझ्यावरून उतरला, पण त्या दिवसाचं त्याला काही विशेष वाटलं नाही.

आता पायाने दाबली की वर जाणारी खुर्ची आलीये. मी दाराबाहेर, दोन विटांवर. नंबर लागेपर्यंत आईवडील माझ्यावर टेकतात. दुपारी ऊन लागतं, पण आतलं सगळं ऐकू येतं. काका विचारतात, "बोला साहेब, कसे कापू?" आणि आत शांतता पसरते. तुम्ही माझ्यावर बसला असाल, तर माझं एवढं ऐका. बाहेरून उत्तर देऊ नका. पोर सांगतंय, जरा थांबा.