बोटभर आखूड

दुपारी इस्त्रीच्या वाफेने दुकानाची काच धूसर झाली, की मी या परक्या गावात राहतच नाही. मशीन घरघरत असतं, पाय आपोआप चालत असतो आणि मी मात्र आमच्या घराच्या पायरीवर बसलेली असते. समोर तो. दादाचा मित्र, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा. लहानपणीच्या तापात त्याचा उजवा पाय बोटभर आखूड राहिला, त्यामुळे चालताना जरा डुलतो. गल्लीतली पोरं त्याला होडी म्हणायची. मीही म्हणते, पण मी लाडाने म्हणते.

इथे मी कपडे अल्टर करते. मुख्य काम पँटींचं. गिऱ्हाईकाचा डावा पाय मापायचा, उजवा त्यावरून कापायचा, दुमडून टीप मारायची. मालकीणबाईंना माझा हात आवडला, म्हणून आता कायमची राहा अशी गळ घातलेली. त्यातच गेल्या रविवारी होडीने फोनवर वेगळाच सूर लावला. म्हणाला, तिथेच राहा. तू माझ्यावर दया करतेस आणि तिला प्रेम समजतेस. नीट विचार कर आणि पुढच्या रविवारी सांग.

मला असा राग आला की सांगायची सोय नाही. राग ओसरला तशी भीती वाटायला लागली. खरंच दया असली तर? मन म्हणजे काही पँट नव्हे, उलटी करून शिवण बघायला. मशीनवर बसल्या बसल्या आठवडाभर मी स्वतःला तेच विचारत राहिले.

शनिवारी एक वकीलसाहेब त्यांच्या नव्या सुटाची पँट घालून आरशासमोर उभे राहिले. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग बिचारे स्वतःच एका बाजूला कलले. पँटीचा उजवा पाय बोटभर वर होता. मालकीणबाईंनी रॅकवरच्या बाकीच्या पँटी काढून पाहिल्या. त्या आठवड्यात माझ्या हाताखालून गेलेल्या एकूण एक पँटी तशाच.

त्यांनी मला चांगलंच झाडलं. चूक माझीच, मान खाली घालून ऐकून घेतलं. पण आतून हसू फुटत होतं आणि डोळेही भरून येत होते. दया करणारीला होडीचा पाय आखूड दिसला असता. मला तर माणसाचा पाय तेवढाच असतो, असं वाटत होतं. मग संध्याकाळपर्यंत बसून मी सगळ्या शिवणी उसवल्या आणि दुमडीतलं कापड सोडून पाय सारखे केले.

रविवारी फोन लावला आणि पँटींचं सगळं रामायण सांगितलं. कायमची राहणार नाही, हेही सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही.

"तुझ्या पँटी मीच नीट करायचे, आता कुणाकडे देतोस रे?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"कुणाकडेच नाही."

"म्हणजे?"

"विकत आणतो तशाच घालतो. उजवी बाजू टाचेखाली येते, फाटते." तो म्हणाला, "तू गेल्यापासून तो पाय दुसऱ्या कुणाला मापू दिला नाही मी."

 मी म्हणाले, "फाटलेल्या टाकू नकोस. मी येतेय."